जुन्या लाकडी सामानाचे वय आणि मोल : पश्चिम भारत व चंदीगड यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : लाकडी सामान, कालनिश्चिती, पुराणवस्तू, मालकीची परंपरा, जडसंग्रह नोंदवही.

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि दप्तरे यांची नावे प्रथम घेतली जातात. ज्या पेटीत ती दप्तरे जपली गेली, ज्या मेजावर ती पुढे वाचली गेली आणि ज्या खुर्चीवर बसून त्यांचे संपादन झाले, त्या वस्तूंना मात्र साधनाचा दर्जा क्वचितच मिळतो. वस्तुतः आपल्या घरांत आणि संस्थांत शिरलेले लाकडी सामान हा सामाजिक बदलाचा एक ठळक पुरावा होय. मराठी घरातील मूळ बैठक जमिनीलगतची होती. गादी, लोड, तक्के, पाट, चौरंग आणि पेटी एवढ्यावर घर चालत असे. 'खुर्ची' हा शब्द अरबी-फारसीतून आणि 'अलमारी' हा पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला. वस्तू कोणत्या वाटेने आल्या याची खूण भाषेने अशी राखून ठेवली आहे.

जुन्या सामानाविषयी दोन समजुती सर्वत्र आढळतात. पहिली, जे जुने दिसते ते जुने असते. दुसरी, जे जुने असते ते मौल्यवान असते. या दोन्ही समजुती तपासून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. वस्तूचे वय लाकूड, अवजारांच्या खुणा आणि सांधे यांवरून बऱ्याच अंशी सांगता येते; परंतु तिचे मोल मुख्यतः तिच्याविषयीच्या लेखी नोंदीवर अवलंबून असते आणि भारतात ही नोंद बहुधा कारागिराने नव्हे, तर मालकाने किंवा संस्थेने केलेली असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

किंमत, बाजारभाव आणि मोल

प्रथम तीन संकल्पना वेगळ्या करणे आवश्यक आहे. पहिली पुस्तकी किंमत. लेखाशास्त्रानुसार लाकडी सामान ही दरवर्षी झिजणारी मालमत्ता असते. घटत्या शिलकेच्या पद्धतीने दरसाल १० टक्के घसारा धरला, तर १०० रुपयांच्या खुर्चीची पुस्तकी किंमत ५० वर्षांनी साधारण ५२ पैसे उरते. दुसरी संकल्पना बाजारभावाची. तो मागणी, अभिरुची आणि दुर्मिळता यांनुसार वरखाली होतो. तिसरी संकल्पना ऐतिहासिक मोलाची, म्हणजे ती वस्तू भूतकाळाविषयी काय सांगू शकते याची. पुस्तकी किंमत वयाबरोबर घटत जाते. ऐतिहासिक मोल वयाबरोबर वाढू शकते, पण आपोआप वाढत नाही. त्यासाठी वस्तूचे वय आणि तिचा प्रवास सिद्ध करावा लागतो.

लाकडाची साक्ष

परीक्षणाची सुरुवात लाकडापासून होते. पश्चिम भारतातील दर्जेदार सामान प्रामुख्याने सागवान आणि शिसव या लाकडांचे आहे. सागाच्या लाकडात वर्षवलये स्पष्ट उमटतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून भूतकाळातील पर्जन्यमानाचा अभ्यास झालेला आहे. त्यामुळे वलयांवरून लाकडी वस्तूचेही वय काढता येईल असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि वलये फार तर झाड कोणत्या वर्षापर्यंत वाढत होते हे सांगतात, आणि तेही सालीलगतचा भाग शिल्लक असेल तरच. वस्तू केव्हा घडवली हे ती सांगत नाहीत.

आपल्याकडे हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, खांब आणि दरवाजे यांचे लाकूड पुन्हा वापरण्याची रीत जुनी आहे. पावणेदोनशे वर्षांच्या तुळईतून मागील वर्षी घडवलेले मेज बाजारात 'पुरातन' म्हणून ठेवले, तर त्यातील लाकूड खरोखरच जुने असते. मेज मात्र नवे असते. अशा वेळी कीडीची भोके उपयोगी पडतात. कीड लाकडातून बाहेर पडते तेव्हा पृष्ठभागावर तिचे केवळ लहानसे छिद्र दिसते, तिची नागमोडी वाट आत राहते. ही वाट पृष्ठभागावर लांबवर उघडी पडलेली दिसली, तर कीड लागून गेल्यानंतर ते लाकूड पुन्हा कापले गेले आहे, असे अनुमान निघते.

रेडिओकार्बन पद्धतीचीही मर्यादा लक्षात घ्यावी लागते. १६५० ते १९५० या काळात वातावरणातील कार्बनचे प्रमाण असे चढउतार दाखवते की एकाच मोजणीतून अनेक संभाव्य काळ निघतात. नेमका आपल्याकडील बहुतांश सामानाचा हाच काळ आहे. मात्र १९५५ नंतरच्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेला कार्बन त्यानंतर वाढलेल्या झाडात उतरतो. म्हणून अलीकडचे लाकूड जुने म्हणून दाखवले गेले असल्यास ते या पद्धतीने उघडकीस येऊ शकते.

लाकूड वाळताना रेषांच्या आडव्या दिशेने अधिक आकसते. त्यामुळे एकसंध फळ्यांचे जुने गोल मेज मोजले असता दोन दिशांच्या व्यासांत किंचित फरक आढळतो. बिनचूक गोल असलेल्या 'जुन्या' मेजाविषयी शंका घेण्यास त्यामुळे आधार मिळतो.

अवजारे, सांधे आणि खिळे यांची साक्ष

सामानाचा दर्शनी भाग पॉलिशने झाकला जातो. खरा इतिहास खणाच्या तळाशी, कपाटाच्या पाठीवर आणि मेजाच्या खालच्या अंगाला वाचावयास मिळतो. हाताने ओढलेल्या करवतीच्या खुणा सरळ पण असमान अंतरावर असतात. चक्री करवतीच्या खुणा कमानदार असतात. इंग्लंडमध्ये चक्री करवतीचे पेटंट १७७७ साली सॅम्युअल मिलर यांना मिळाले आणि तिचा प्रसार पुढील शतकात झाला. पाश्चात्त्य मार्गदर्शक ग्रंथ यावरून सरळ नियम देतात : हातकरवतीची खूण म्हणजे जुने सामान. हा नियम भारतात जसाच्या तसा लागू करता येत नाही, कारण दोन माणसांनी ओंडका कापण्याची पद्धत आपल्याकडे विसाव्या शतकातही सर्रास चालू होती. कमानदार खूण वस्तू फार जुनी नसल्याचे सांगते. सरळ खूण मात्र वस्तू जुनी असल्याचे सिद्ध करीत नाही.

धातूच्या वस्तू अधिक नेमके उत्तर देतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील स्क्रू टोकाला बोथट असत. टोकदार स्क्रूचे पेटंट अमेरिकेत १८४६ साली थॉमस स्लोन यांनी घेतले. १८५४ पासून नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांच्या भागीदारीने त्याचे हक्क मिळवून इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. पेशवाईचा अंत १८१८ साली झाला. म्हणून 'पेशवेकालीन' म्हणून दाखविलेल्या पेटीच्या बिजागऱ्या टोकदार स्क्रूंनी बसविलेल्या असतील, तर दोनच शक्यता उरतात : पेटी नंतरची आहे, किंवा बिजागऱ्या नंतर बदलल्या आहेत. स्क्रूखाली जुन्या खिळ्याची वेगळी, बुजवलेली भोके सापडली तर दुसरी शक्यता बळावते. न सापडल्यास पहिली. चार फाट्यांच्या फिलिप्स स्क्रूचा प्रसार १९३० च्या दशकानंतरचा आहे. खिळ्यांतही हाच क्रम दिसतो : आधी घडीव, मग पत्र्यातून कापलेले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारेचे गोल खिळे.

सांध्यांच्या बाबतीत समानता हा संशयाचा विषय ठरतो. हाताने कापलेल्या डव्हटेल सांध्यांत प्रत्येक दात थोडा निराळा असतो आणि कारागिराने आखलेली रेघ अनेकदा शिल्लक असते. यंत्राने कापलेले दात एकसारखे असतात. प्लायवूडची पाठ विसाव्या शतकाकडे बोट दाखवते; अर्थात तीही दुरुस्तीत बदललेली असू शकते. यावरून पद्धतीचे एक तत्त्व निघते. एका खुणेवरून काळ ठरवू नये. सर्व खुणांचा मेळ बसतो का हे पाहावे, आणि मेळ बसत नसेल तर दुरुस्तीचा इतिहास शोधावा.

पश्चिम भारतातील शैली आणि तिच्या मर्यादा

शैलीवरून काळ ओळखण्याची पद्धत सर्वाधिक प्रचलित आणि सर्वाधिक फसवी आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतर युरोपीय घाट आणि भारतीय कारागिरी यांचा संयोग होऊन सागवान, शिसव, आबनूस आणि हस्तिदंत यांच्या जडावाची कपाटे व मेजे घडू लागली. त्यांच्या पायांवर नाग-नागिणींच्या आकृतीही कोरलेल्या आढळतात. युरोपातील संग्रहालयांत हे सामान सन्मानाने मांडलेले आहे.

मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून काळ्या शिसवाच्या भरगच्च कोरीव सामानाची परंपरा बहरली. पारशी आणि युरोपीय घराणी तिची प्रमुख आश्रयदाती होती. मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगीनदास मास्टर मार्ग, या व्यापाराचे एक केंद्र होता. या सामानात युरोपातील अठराव्या शतकाच्या रोकोको घाटाचे पुनरुज्जीवन दिसते. त्यामुळे केवळ घाट पाहणारा परीक्षक या वस्तूंना शंभर वर्षे अधिक जुने ठरविण्याची चूक करू शकतो. अहमदाबादेत १८८१ साली लॉकवुड डी फॉरेस्ट आणि मगनभाई हठीसिंग यांनी काष्ठकोरीव कामाचा कारखाना काढला. तेथे स्थानिक वास्तूंवरील जुनी नक्षी अमेरिकन ग्राहकांसाठी नव्या वस्तूंवर उतरली. नक्षी जुनी, वस्तू नवी आणि तरीही वस्तू अस्सल, असा हा प्रकार आहे.

अशा ठिकाणी नावाची चिठ्ठी निर्णायक ठरते. थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापकांसमवेत १८७९ साली मुंबईत आलेले एडवर्ड विंब्रिज यांनी पुढे येथेच फर्निचरचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या पेढीचे नाव असलेली वस्तू १८७९ पूर्वीची असू शकत नाही. दुर्दैवाने भारतीय सुताराने आपले नाव कोरल्याची उदाहरणे विरळ आहेत. ॲमिन जाफर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ब्रिटिश भारत व श्रीलंकेतील फर्निचरविषयक ग्रंथाने या क्षेत्राला शिस्त दिली. परंतु असे अभ्यास मुख्यतः उच्चभ्रू वस्तूंपुरते मर्यादित राहतात. शाळेचे बाक, कचेरीचे मेज आणि ग्रंथालयाची घोडी यांचा इतिहास अद्याप लिहावयाचा आहे.

शिक्का आणि नोंद

पॅरिसमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून फर्निचर बनविणाऱ्या संघसदस्य कारागिरांना आपला शिक्का वस्तूवर उमटवावा लागे. फ्रेंच सामानाचा बाजार या शिक्क्यांवर उभा आहे. परंतु शिक्काही बनावट असू शकतो. व्हर्सायच्या राजवाड्याने अठराव्या शतकातील म्हणून विकत घेतलेल्या काही खुर्च्या बनावट असल्याचे प्रकरण २०१६ साली उघडकीस आले. एका नामांकित तज्ज्ञाचाच त्यात हात असल्याने ते विशेष गाजले. यातून निघणारा बोध असा की वस्तूवरील खूण हा पुरावा अपुरा असतो. तिला वस्तूबाहेरच्या स्वतंत्र नोंदीचा आधार मिळावा लागतो.

भारतात कारागिराचा शिक्का नाही, परंतु मालकाचा क्रमांक आहे. सरकारी कचेऱ्या, न्यायालये, रेल्वे आणि महाविद्यालये यांच्या सामानावर संस्थेची आद्याक्षरे आणि अनुक्रमांक रंगविण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. हा क्रमांक जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे बोलीतील 'डेडस्टॉक रजिस्टर'मध्ये, खरेदीची तारीख, पुरवठादार आणि किंमत यांसह नोंदलेला असतो. पॅरिसच्या शिक्क्याने कारागीर कळतो. आपल्या क्रमांकाने, नोंदवही शाबूत असल्यास, वस्तूचे जन्मवर्षच हाती येते.

शंभर वर्षांची रेषा

वयाचा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही, तो कायद्याचाही आहे. पुराणवस्तू व कलासंपदा अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार कलाकुसरीची अथवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू किमान १०० वर्षे जुनी असेल तर ती पुराणवस्तू ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुराणवस्तूची खासगी निर्यात या कायद्याने प्रतिबंधित आहे. शिवाय हस्तिदंताच्या व्यापारावरील बंदीमुळे हस्तिदंती जडावाची गोव्याची पेटी कितीही मोलाची असली, तरी तिचा देशांतर्गत व्यापार होऊ शकत नाही. शिसवाच्या संपूर्ण वंशावर २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार करारान्वये नियंत्रण आले आहे. सारांश, लाकडाची ओळख आणि वय या दोहोंवर वस्तूचे कायदेशीर स्थान ठरते.

ही रेषा दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. मुंबईच्या आर्ट डेको इमारतींतील १९३० च्या दशकातील सामान अद्याप तिच्या अलीकडे आहे. रेषा ओलांडेपर्यंत ते टिकेल की नाही, हा प्रश्न कायदा सोडवीत नाही.

चंदीगडचे उदाहरण

हा प्रश्न किती गंभीर आहे हे चंदीगडच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. फाळणीनंतर पंजाबसाठी नवी राजधानी उभारण्याचे काम १९५१ पासून ल कॉर्बुझिए यांच्या मार्गदर्शनाखाली सुरू झाले. त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे १९६५ पर्यंत चंदीगडमध्ये राहून काम करीत होते. सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ, ग्रंथालये आणि वसतिगृहे यांसाठी जानरे आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी सागवान, शिसम आणि वेत यांचे साधे, मजबूत सामान आखले. या सहकाऱ्यांत यूली चौधरी यांचा उल्लेख आवश्यक आहे. हजारो नग स्थानिक सुतारांनी घडविले. ते एका कारखान्यात तयार झाले नसल्याने एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांच्या मापांत फरक आढळतो.

पुढे हे सामान जुने झाले, वेत तुटला, प्लास्टिक व लोखंडी खुर्च्या आल्या. नियमाप्रमाणे निर्लेखन होऊन ते भंगाराच्या भावाने लिलावात गेले. युरोपीय व्यापाऱ्यांनी ते विकत घेतले, दुरुस्त केले आणि पॅरिस, लंडन व न्यूयॉर्क येथील लिलावांत एकेका खुर्चीला लाखो रुपये मिळू लागले. एमी सीगल यांच्या 'प्रॉव्हनन्स' या २०१३ च्या चित्रपटाने श्रीमंत घरांपासून चंदीगडच्या कचेऱ्यांपर्यंतचा या खुर्च्यांचा उलटा प्रवास दाखविला. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा-सामानाच्या विक्रीस मनाई केली. त्यानंतरच्या गणनेत बारा हजारांहून अधिक नगांची नोंद झाली. तथापि ही वस्तू १०० वर्षांची नसल्याने १९७२ च्या कायद्याचे संरक्षण तिला मिळत नाही. परदेशातील लिलाव थांबविणे त्यामुळे कठीण झाले.

या उदाहरणातील एक बाब विशेष विचारार्ह आहे. परदेशी बाजारात ज्या खुर्चीवर कचेरीची किंवा ग्रंथालयाची रंगवलेली अक्षरे शाबूत आहेत, तिला अधिक विश्वासार्ह मानले जाते. कारकुनाने केवळ मोजदादीसाठी काढलेली अक्षरेच अस्सलपणाचा दाखला ठरली. साहजिकच बनावट खुर्च्यांवरही तशी अक्षरे रंगविली जाऊ लागली. अशा वेळी खरे-खोटे ठरविण्यासाठी मूळ नोंदवहीचाच आधार उरतो. जेथे नोंदवही सामानासोबत रद्दीत गेली, तेथे तो आधारही संपला. नियम पाळूनच हे सारे घडले, ही त्यातील खरी शोकांतिका होय. ज्यांनी निर्लेखन केले त्यांच्यासमोर केवळ पुस्तकी किंमत होती. ऐतिहासिक मोलासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

महाविद्यालयांपुढील प्रश्न

महाराष्ट्रातील अनेक शिक्षणसंस्था आज शंभरी ओलांडून पुढे गेल्या आहेत. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय १८८० चे, तर पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ चे आहे. अशा वयाच्या संस्थांत आरंभकाळातील एखादे कपाट किंवा व्याख्यानमेज शिल्लक असेल, तर ते कायद्याच्या व्याख्येत बसू शकते. एखाद्या मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी परिसर नीटनेटका करताना असे सामान 'मोडके' या एका शब्दाखाली निकालात निघण्याचा धोका असतो. दुसरा धोका अतिउत्साहाचा आहे. जुने कपाट पॉलिश कागदाने घासून त्यावर चकचकीत रोगण चढविले की लाखेचा मूळ थर, वापराच्या खुणा आणि रंगवलेला क्रमांक एकदमच नाहीसे होतात. वस्तू सुंदर होते. तिची साक्ष मात्र पुसली जाते.

याउलट, जुन्या नोंदवह्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्पविषय ठरू शकतात. कोणत्या वर्षी किती बाक घेतले यावरून विद्यार्थिसंख्येची वाढ, स्त्रियांसाठी स्वतंत्र बैठक केव्हा झाली यावरून स्त्रीशिक्षणाचा प्रवेश, प्रयोगशाळेची मेजे केव्हा आली यावरून विज्ञानशिक्षणाचा आरंभ, आणि पुरवठादारांच्या नावांवरून स्थानिक सुतारव्यवसायाचा इतिहास उलगडू शकतो. त्यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. नोंदवही, मोजपट्टी आणि छायाचित्र एवढी साधने पुरेशी आहेत.

निष्कर्ष

१. लाकडाचे वय आणि वस्तूचे वय या भिन्न गोष्टी आहेत. लाकडाच्या पुनर्वापराची परंपरा असलेल्या प्रदेशात हा भेद निर्णायक ठरतो.

२. युरोपीय सामानासाठी तयार झालेले कालनिश्चितीचे नियम भारतीय सामानास तपासूनच लावावेत. आयात स्क्रू व खिळे हे विश्वसनीय निकष आहेत. हातकरवतीची खूण आणि शैली हे तितके विश्वसनीय नाहीत.

३. भारतीय सामानाचे ऐतिहासिक मोल सिद्ध करण्यात मालकाचा क्रमांक आणि संस्थेची नोंदवही यांना कारागिराच्या शिक्क्याइतकेच महत्त्व आहे.

४. १०० वर्षांची कायदेशीर मर्यादा विसाव्या शतकातील सामानाला पुरेसे संरक्षण देत नाही. तोपर्यंत ही जबाबदारी संस्थांनीच स्वीकारणे क्रमप्राप्त आहे.

५. निर्लेखनाच्या प्रस्तावावर, वस्तू ५० वर्षांहून जुनी असल्यास, इतिहास विभागाचा अभिप्राय घेण्याची तरतूद महाविद्यालये आपल्या स्तरावर करू शकतात. तसेच वस्तू निकालात निघाली तरी तिची नोंद असलेली वही कायम जतन करावी.

चंदीगडच्या खुर्च्यांचे मोल परदेशी बाजाराने दाखवून दिले, तेव्हा त्यांपैकी कित्येक हातच्या गेल्या होत्या. महाराष्ट्रातील जुन्या महाविद्यालयांना ती ओळख स्वतःच्या नोंदवहीतून, आणि वेळेत, करून घेणे अजून शक्य आहे.